संत्रा युनिट, गोदाम आणि बाजाराचे ओटे: अनुदानाच्या अर्जाआधी छोट्या गावाने काय पाहायचं

प्रश्न थोडक्यात असा. काटोल तालुक्यातलं चौदाशे वस्तीचं गाव. दोन बचत गट, मिळून बावीस बाया. आंबिया बहारातली (हिवाळ्यात तोडणीला येणाऱ्या पिकातली) चुरी, म्हणजे बारीक, छाटून टाकलेली संत्री, दरवर्षी मातीमोल भावाने जाते, म्हणून संत्रा प्रक्रियेचं छोटं युनिट टाकायचं आहे. ग्रामपंचायतीला त्यासोबत एक गोदाम आणि आठवडी बाजारासाठी ओटे हवे आहेत. नागपूरचा एक सल्लागार म्हणतो, 'सगळं अनुदानात बसवून देतो, दहा टक्के माझे.' अर्ज कुठे करायचा, गावाने स्वतःचे किती घालायचे आणि या सल्लागाराला हो म्हणायचं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. नाही म्हणा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत अर्ज भरणं, प्रकल्प अहवाल तयार करणं आणि बँकेत पाठपुरावा करणं हे जिल्हा संसाधन व्यक्तीचं (डीआरपी) काम आहे. कर्ज मंजूर झालेल्या प्रत्येक प्रकरणामागे त्यांना सरकारकडून २० हजार रुपये मिळतात. महाराष्ट्रात ही योजना कृषी विभाग राबवतो, त्यामुळे तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन 'आमच्या तालुक्याचे डीआरपी कोण' एवढं विचारलं की नाव मिळतं. दहा टक्के मागणाऱ्या माणसाचा फायदा प्रकल्प जितका मोठा तितका जास्त. म्हणून तो आठ लाखांचं युनिट पंचवीस लाखांचं करून दाखवतो आणि ते कर्ज नंतर बायांच्या नावावर उभं राहतं.

दुसरी गोष्ट, तुम्ही तीन कामं एका वाक्यात विचारलीत, पण त्यांचे खिसे वेगळे आहेत. युनिट हा बायांचा धंदा आहे. त्याला कर्ज आणि कर्जाशी जोडलेलं अनुदान मिळतं. गोदाम आणि ओटे ही ग्रामपंचायतीची मालमत्ता आहे. ती वित्त आयोग, जिल्हा वार्षिक योजना, आमदार निधी अशा सार्वजनिक पैशातून होते. दोन्हींचा एकच प्रस्ताव करून जिल्हा परिषदेत दिला, तर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो आणि 'आमच्या योजनेत बसत नाही' असा शेरा घेऊन परत येतो.

अनुदान हातात येत नाही, कर्जातून वजा होतं

ही एक गोष्ट ग्रामसभेत सगळ्यांना नीट समजली, तर पुढची अर्धी भांडणं टळतात. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये भांडवली अनुदान आहे. लाभार्थ्याने किमान १० टक्के स्वतःचे घालायचे, बाकी बँकेचं कर्ज. अनुदानाची रक्कम बँकेत कर्जखात्याच्या जोडखात्यात पडून राहते. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षं खातं नियमित आणि युनिट चालू असेल, तरच ती रक्कम कर्जात वळती होते. म्हणजे 'अनुदान आलं की मशीन घेऊ' हा क्रम इथे चालतच नाही. आधी कर्ज, मशीन आणि उत्पादन, अनुदान त्याच्या मागून.

पात्र खर्चात काय येतं तेही बघा. यंत्रसामग्री येते. तांत्रिक बांधकाम येतं, पण ते पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांच्या आत हवं. जमीन येत नाही, खेळतं भांडवल येत नाही. कर्ज मंजूर होण्याआधी रोखीने घेतलेलं मशीन तर अजिबात धरू नका. पुरवठादार 'आत्ता बुक करा, भाव वाढतोय' म्हणत असतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं.

तुमच्या गावासाठी मी आठ लाखांच्या वर जाणार नाही. हिशेब असा. यंत्रं ५ लाख ६० हजार, ओटा-फरशी-निचरा-वायरिंगसारखं तांत्रिक बांधकाम २ लाख ४० हजार, एकूण ८ लाख. अनुदान २ लाख ८० हजार. स्वतःचे १० टक्के म्हणजे ८० हजार. मुदत कर्ज ७ लाख २० हजार, त्यातले व्याज लागणारे ४ लाख ४० हजार. ११ टक्के दर आणि पाच वर्षं धरली, तर महिन्याचा हप्ता साधारण साडेनऊ हजार. याखेरीज अडीच लाखांचं खेळतं भांडवल मागा. दोन्ही कर्जं मिळून ९ लाख ७० हजार होतात आणि हा आकडा मुद्दाम निवडला आहे. सूक्ष्म उद्योगाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम होता; २०२६ मध्ये ही मर्यादा २० लाखांवर नेली गेली. मर्यादेच्या वर गेलात की शाखा कुणाच्या तरी वावराचा सातबारा मागते आणि मग त्या एका घराचं गटावर वजन वाढतं. त्यापेक्षा मोठं कर्ज खरंच हवं असेल, तर तारणाऐवजी सीजीटीएमएसईची (छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा सरकारी निधी) हमी घ्या, असं शाखेला लेखी सांगा.

हातात रोख किती लागेल? स्वतःचा हिस्सा ८० हजार, खेळत्या भांडवलातला गटाचा वाटा सुमारे ८० हजार, वीज जोडणीची अनामत, परवाने, लेबल आणि पहिल्या तपासण्या मिळून ६० हजार. म्हणजे २ लाख २० हजार, बावीस जणींत माणशी १० हजार. एवढे जमत नसतील तर युनिटचा विचार एक वर्ष पुढे ढकला, पण ही रक्कम उसनवारीने उभी करू नका. याच योजनेत बचत गटाच्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल आहे, पण ते खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी असतं. ते उमेदच्या (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) प्रभागसंघामार्फत, म्हणजे बचत गटांच्या संघामार्फत येतं आणि सदस्याला परत करायचं असतं. अनेक गट ते बक्षीस समजून वाटून घेतात आणि वसुलीच्या वेळी बैठकीला येणं बंद होतं.

योजनेची मुदत मुळात २०२४-२५ पर्यंत होती, ती २०२५-२६ पर्यंत वाढवली गेली. म्हणून लेबल-परवान्यावर खर्च करण्याआधी पोर्टल नवीन अर्ज घेतंय का, ते डीआरपीकडून खात्री करून घ्या. तिथे काही अडलं तर पीएमईजीपीचा (प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम) रस्ता बघायचा. त्यात ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के आहे. पण अर्ज सहसा एकीच्या नावावर जातो, मालकी तिची होते आणि गट बाजूला पडतो. ती गोष्ट मान्य असेल तरच. एकाच यंत्रावर दोन योजनांचं भांडवली अनुदान घेण्याचा प्रयत्न करू नका. आधार आणि पॅनवरून ते आज ना उद्या सापडतंच.

एका क्विंटलच्या बाटल्या किती, आणि घेणार कोण

प्रकल्प अहवालात बहुतेक वेळा हाच भाग सर्वांत पोकळ असतो. 'बाजारात प्रचंड मागणी आहे' एवढ्या एका ओळीवर काम भागवलेलं असतं. तुमच्यासाठी आकडे मांडतो, त्यात तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा करा.

एक क्विंटल संत्र्यातून साधारण ४० लिटर रस निघतो. स्क्वॅशला (पाणी घालून प्यायचं घट्ट सरबत) एक लिटर रसाला एक लिटर पाणी आणि पावणेदोन किलो साखर धरली, तर तीन लिटरच्या थोडं वर माल होतो. म्हणजे क्विंटलला जवळपास १२४ लिटर, ७५० मिलीच्या १६५ बाटल्या. स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के फळांचा रस आणि ४० टक्के विद्राव्य घटक लागतात. या प्रमाणात दोन्ही आरामात बसतात. दिवसाला दोन क्विंटल फळ फोडलं तर ३३० बाटल्या.

बाटलीमागे खर्च: चुरी २० रुपये किलोने धरून फळाचे १२, साखरेचे १९, बाटली-झाकण-लेबलचे १५, आम्ल आणि परिरक्षकाचा १, सहा बायांची मजुरी ४०० रुपये रोजाने ७, वीज-पाणी २, वाहतूक आणि फूटतूट ३. एकूण ५९. दुकानदाराला ८० ला दिली तर हाती २१ उरतात. वर्षाचा ठरलेला खर्च म्हणजे कर्जाचा हप्ता १ लाख १५ हजार, खेळत्या भांडवलाचं व्याज २७ हजार, भाडं आणि विजेचा स्थिर आकार मिळून ४८ हजार, तपासणी-विमा-हिशेबनिसाचे ३० हजार, सगळे २ लाख २० हजार. भागिले २१. साडेदहा हजार बाटल्या विकल्या तेव्हा कुठे युनिट बरोबरीला येतं.

साडेदहा हजार बाटल्या बनवायला बत्तीस दिवस पुरतात, विकायला मात्र वर्ष लागतं. यातच सगळं येतं. फळ आंबियाचं ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृगाचं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, तर सरबताला गिऱ्हाईक एप्रिल-मे मध्ये. साखर, बाटल्या, मजुरी हिवाळ्यात रोख द्यायची आणि पैसे उन्हाळ्यात, तेही दुकानदाराच्या उधारीनंतर, हाती यायचे. अडीच लाखांच्या खेळत्या भांडवलात एका वेळी चार हजारांच्या आसपास बाटल्या अडकवता येतात. त्याच्या वर माल साठवला तर पुढच्या आठवड्याची साखर घ्यायला पैसे नसतात आणि ऐन हंगामात मशीन झाकून ठेवावं लागतं. मशीन बिघडून बंद पडलेल्या युनिटपेक्षा खेळतं भांडवल संपून बंद पडलेली युनिटं कितीतरी जास्त असतात.

म्हणून नुसत्या स्क्वॅशवर राहू नका. गर गोठवून संत्रा बर्फी करणाऱ्या मिठाईवाल्यांना आणि आइस्क्रीमवाल्यांना देता येतो. भाव कमी, पण बाटली-लेबलचा खर्च नाही आणि पैसे लवकर फिरतात. अर्ज करण्याआधी नागपुरातल्या अशा चार-पाच कारखान्यांत नमुना घेऊन जा आणि 'महिन्याला इतके किलो, या भावाने' असं लेटरहेडवर लिहून आणा. असं एक पत्र बँक मॅनेजरच्या टेबलावर चाळीस पानी अहवालापेक्षा जास्त वजनाचं ठरतं. हंगाम नसताना याच यंत्रांवर आवळा, कैरी, चिंच चालवता येईल अशीच यंत्रं निवडा. नागपूर जिल्ह्याचं 'एक जिल्हा एक उत्पादन' संत्रा आहे, ते अर्जाच्या वेळी फायद्याचं. पण मशीनने वर्षातले आठ महिने संत्र्याचीच वाट बघावी, असा त्याचा अर्थ नाही.

कडूपणाबद्दल थोडं बोलावंच लागेल. नागपुरी संत्र्याचा रस काढला तेव्हा गोड लागतो, आणि काही तासांनी किंवा गरम केल्यावर कडवट होतो. कारण लिमोनिन. बी चिरडली, सालीचा पांढरा भाग रसात गेला किंवा फळ कच्चं असलं की ते वाढतं. चुरीत कच्चं फळ जास्त, म्हणजे तुमच्या कच्च्या मालातच अडचण आहे. उपाय साधे आहेत: रंग न आलेलं फळ बाजूला काढा, सोलून रस काढा, स्क्रू एक्स्ट्रॅक्टरचा दाब कमी ठेवा, बी फुटत नाही ना हे चोथा हातात घेऊन बघा आणि रस काढल्यावर लगेच पुढच्या प्रक्रियेला घ्या. मिक्सरमध्ये फिरवलेला नमुना घेऊन बाजारात जाऊ नका. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट या परिरक्षकाचं प्रमाण किलोला ०.६ ग्रॅमच्या आसपास असतं. ते चमच्याने नव्हे, काट्यावर तोलून घ्यायचं. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन तंत्र समजून घ्या, आणि मशीनची यादी त्यानंतरच करा. पुरवठादाराची यादी तुमच्या फळाचा नाही, त्याच्या गोदामाचा विचार करून केलेली असते.

शेड, भाडेपट्टी आणि वीज

ग्रामपंचायतीची रिकामी इमारत बायांना द्यायची असा विचार असेल तर चांगला आहे, पण इथे एक पेच बसतो. ग्रामपंचायतीला आपली मालमत्ता तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असेल, तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वमान्यता लागते. बँकेला मात्र भाडेपट्टी कर्जाच्या मुदतीपेक्षा मोठी हवी, म्हणजे पाच-सात वर्षांची. गावात बहुधा अकरा महिन्यांचा करार करून अर्ज भरला जातो, बँक तो परत करते आणि मग मान्यतेसाठी धावपळ सुरू होते. त्यामुळे सर्वांत आधी हलवायचा कागद हाच. नवी शेड बांधायची असेल तर गायरानाकडे बघू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०११ च्या निकालानंतर राज्याने १२ जुलै २०११ ला निर्णय काढला आणि तेव्हापासून गायरान दुसऱ्या कामाला वापरणं फार अवघड झालं आहे.

वीज जोडणी औद्योगिकच घ्या. शेजारच्या शेतीपंपाच्या जोडणीवर मशीन चालवणं हा अनधिकृत वापर ठरतो, विद्युत कायद्याच्या कलम १२६ खाली आकारणी होते, आणि शेतीच्या फीडरला दिवसभर वीज नसतेच. महावितरणकडे अर्ज करताना सगळ्या मोटरींची अश्वशक्ती बेरीज करून द्या, थ्री-फेज लाइन आणि रोहित्र किती अंतरावर आहे ते लाइनमनकडून आधीच विचारून घ्या. खांब टाकायची वेळ आली तर त्याचा खर्च प्रकल्पापेक्षा डोईजड होऊ शकतो.

संत्र्याचा निम्मा भाग साल आणि चोथा असतो. दिवसाला दोन क्विंटल फळ म्हणजे जवळपास एक क्विंटल ओला कचरा. तो कुठे जाणार ते आराखड्यात दाखवा, नाहीतर आठवड्याभरात माशा होतात आणि पहिली तक्रार शेजाऱ्याचीच येते. पत्र्याच्या शेडचं तापमान मे महिन्यात नागपूरच्या ४५ अंशांच्याही वर जातं, तयार माल तिथे ठेवला तर रंग काळपट पडतो. साठवणीची खोली वेगळी, छत उष्णतारोधक, खिडक्या उत्तरेला.

कागदांमध्ये उद्यम नोंदणी मोफत आहे, तिच्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. अन्न नोंदणी किंवा परवाना, आवेष्टित वस्तूंच्या नियमाप्रमाणे लेबल (वजन, कमाल किंमत, पत्ता, तक्रारीचा फोन), गटाच्या नावाचं पॅन आणि चालू खातं, हे सगळं एकाच स्पेलिंगमध्ये हवं. आधारवर एक आडनाव, पासबुकात दुसरं, गटाच्या ठरावात तिसरं, यामुळे जितके अर्ज रखडतात तितके व्यवसाय वाईट म्हणून रखडत नाहीत. अध्यक्ष-सचिवांचा सिबिल अहवाल आधी काढून बघा. जुनं पीककर्ज तडजोडीत मिटलेलं असेल तर अहवालात ते 'सेटल्ड' म्हणून दिसतं आणि शाखा कारण न सांगता फाइल बाजूला ठेवते. बँकेचा ना-देय दाखला सोबत जोडला तर निदान बोलणं सुरू होतं.

अर्जदार कोण असावं? उत्पादक कंपनी काढा असाही सल्ला तुम्हाला मिळेल. दहा उत्पादक मिळून ती काढता येते हे खरं. पण दरवर्षीचं लेखापरीक्षण, निबंधकाकडची विवरणं, सीएची फी धरली तर आठ-दहा लाखांच्या उलाढालीला हा चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला असा प्रकार होतो. दोन गटांपैकी ज्याचं पुस्तक नीट आहे, बैठका आणि परतफेड नियमित आहे, तो अर्जदार असू द्या. दुसऱ्या गटाशी फळपुरवठा आणि विक्रीचा लेखी करार करा. अनौपचारिकपणे 'आपण सगळ्या मिळून' असं ठेवलं की नफ्याच्या पहिल्याच वर्षी भांडण ठरलेलं.

ग्रामपंचायतीची बाजू: गोदाम आणि ओटे

इथे सुरुवात अर्जाने नाही, आराखड्याने होते. ग्रामपंचायत विकास आराखड्यात नाव नसलेल्या कामावर वित्त आयोगाचा पैसा खर्चता येत नाही. आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढलेला लागतो. त्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. त्या सभेत गोदाम आणि ओटे नावानिशी आले पाहिजेत. 'बाजार विकास' असं मोघम लिहिलं तर पुढे तांत्रिक मान्यतेच्या वेळी अडतं. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी कमी असेल ती. महिला सभा आधी घ्या आणि तिचा ठराव ग्रामसभेच्या नोंदवहीत आणा. बायांच्या युनिटला इमारत देण्याचा विषय तिथून आला तर पुढे कुणी हरकत घ्यायला बिचकतो.

ठरावात गट क्रमांक, क्षेत्र, नमुना ८ (ग्रामपंचायतीची मालमत्ता नोंदवही) मधली नोंद, कामाचं नाव, लांबी-रुंदी, अंदाजे खर्च, पैसा कोणत्या निधीतून आणि देखभाल कोण करणार, सूचक-अनुमोदकांची नावं, एवढं सगळं एकाच ठरावात घाला. ठराव सुटसुटीत लिहायची गावात सवय असते, आणि मग प्रत्येक टेबलावर एक नवा ठराव मागितला जातो.

पंधराव्या वित्त आयोगात ६० टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी, आणि ४० टक्के अबंधित होता. गोदाम, ओटे अबंधितमध्येच येतात. तिथलं पाणी, शौचालय, सांडपाण्याची नाली मात्र बंधितमधून करता येते. काम असं फोडून बघितलं की पैसा पुरतो. या आयोगाचा कालावधी ३१ मार्च २०२६ पर्यंतचा होता, त्यानंतर सोळाव्या आयोगाच्या अटी लागू होतात. तेव्हा चालू वर्षाचं बंधित-अबंधित प्रमाण पंचायत समितीतून लेखी घ्या. चौदाशे वस्तीच्या गावाला या मार्गाने वर्षाला काही लाखच येतात. त्यात ओटे होतील, गोदाम होणार नाही. गोदामासाठी जिल्हा वार्षिक योजना, आमदार निधी किंवा ग्रामविकास विभागाचा 'पंचवीस-पंधरा'चा (२५१५ या लेखाशीर्षाखालचा निधी) मार्ग, आणि तिथे लोकप्रतिनिधीचं पत्र लागतंच.

खरं तर गोदाम हवंच आहे का, हे पुन्हा विचारा. संत्रा गोदामात टिकत नाही, त्याला शीतगृह लागतं. कापूस आणि सोयाबीन ठेवायचं असेल, तर गावात किती क्विंटल माल खरोखर दोन महिने थांबतो ते मोजा. बहुतेक शेतकरी देणी भागवायला दिवाळीआधी माल विकतात. त्या घरांना गोदामापेक्षा मालतारण कर्ज (ठेवलेल्या मालावर मिळणारं कर्ज) मिळणं जास्त कामाचं, आणि त्यासाठी बाजार समितीशी बोलावं लागतं. रिकामं गोदाम दुरुस्तीच्या खर्चाने ग्रामपंचायतीला दरवर्षी टोचतं. खासगी किंवा सहकारी संस्थेने बांधायचं ठरवलं तर कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जाला सात वर्षं ३ टक्के व्याज सवलत आहे. हा मार्ग अन्न प्रक्रिया योजनेसोबतही चालतो, कारण एकात भांडवली अनुदान आणि दुसऱ्यात व्याज सवलत आहे.

ओट्यांचं अंदाजपत्रक कनिष्ठ अभियंत्याकडून चालू दरसूचीवर करून घ्या. मागच्या वर्षीच्या दरावरचं अंदाजपत्रक असलं की ठेकेदार काम घेत नाही, आणि घेतलं तर सिमेंट वाचवतो. जीएसटी आणि १ टक्का कामगार उपकर अंदाजपत्रकातच धरा. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, पूर्णत्वाचा दाखला हा क्रम सोडायचा नाही. कामाच्या आधीचा, मधला आणि नंतरचा फोटो एकाच कोनातून, जागेच्या नोंदीसह. आधीचा फोटो राहून गेला, तर तो नंतर कुठूनच आणता येत नाही.

पैसे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीने पीएफएमएस या सरकारी देयक प्रणालीतून जातात. सरपंच बदलला, अधिकाऱ्याची बदली झाली की नवी सही नोंदेपर्यंत सगळी देयकं थांबतात. निवडणूक जवळ असेल तर काम त्याआधी मोजून घ्या. आचारसंहितेचं वेगळं सांगायला नको.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीबद्दल, सगळेच विचारतात. बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर, मौदा भागात कंपन्या आहेत, आणि कायद्यातच स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्या असं म्हटलं आहे. पण कंपनी सहसा ग्रामपंचायतीच्या हातात पैसा ठेवत नाही. सीएसआर-१ नोंदणी, १२ए आणि ८०जी (आयकरातली संस्था नोंदणी) आणि तीन वर्षांचं काम असलेल्या संस्थेमार्फत खर्च करते. कंपन्यांची आखणी नवं आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी होते, म्हणून नोव्हेंबर ते जानेवारीत दोन पानी प्रस्ताव पाठवा. जूनमध्ये नेलेला प्रस्ताव 'पुढच्या वर्षी बघू' या पेटीत जातो. सीएसआरकडे बांधकाम मागण्याऐवजी प्रशिक्षण, तपासणी उपकरणं, लेबल-ब्रँडिंग मागा, ते लवकर मिळतं. उमरेड, सावनेर, पारशिवनी, रामटेककडच्या खाणबाधित गावांना याखेरीज जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे. तुमचं गाव खाणबाधित नसेल तर तिकडे वेळ घालवू नका.

कधी काय करायचं

मशीन मे महिन्यात आणू नका. कर्जाला साधारण सहा महिन्यांची हप्ता-सूट मिळते. मेमध्ये रक्कम उचलली तर ती सूट फळ येईपर्यंतच संपते आणि पहिला हप्ता रिकाम्या युनिटवर पडतो. उचल ऑगस्टच्या अखेरीस ठेवा, सप्टेंबरमध्ये चाचणी घ्या, ऑक्टोबरला फळ घ्या, मग हप्ता फेब्रुवारीत सुरू होतो. त्यासाठी अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये पोर्टलवर गेलेला हवा, कारण जिल्हा समिती आणि बँक मिळून चार-पाच महिने सहज खातात. डिसेंबरवर कुठल्याच मान्यतेची भिस्त ठेवू नका. हिवाळी अधिवेशन नागपुरात असतं, जिल्ह्याचे अधिकारी त्यात गुंतलेले असतात आणि फाइल टेबलावरच राहते.

बँकेने नकार दिला तर कारण लेखी मागा. ते मिळत नसेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे जा. नागपूर जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे आणि शाखांची प्रलंबित प्रकरणं आढावा बैठकीत तिथेच वाचली जातात. सोबत पोर्टलचा अर्ज क्रमांक आणि शाखेत दिलेल्या कागदांची पोच ठेवा. पोच नसेल तर प्रकरण आलंच नाही, असं सांगायला शाखा मोकळी असते.

युनिट सुरू झाल्यावर पहिली तीन वर्षं महिन्याला एक कागद भरायला लावा: किती फळ आलं, किती बाटल्या झाल्या, किती विकल्या, किती उधार, किती खराब. तीन वर्षांनी अनुदान वळतं करताना बँक युनिट चालू असल्याची खात्री करते, तेव्हा हा कागद आणि वीजबिलं पुढे ठेवता येतात. गटातली एखादी बाई लग्नाने, आजारपणाने किंवा रागाने बाहेर पडली, तर तिचे १० हजार कधी आणि किती परत करायचे, हे मशीन येण्याआधीच ठरावात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.